आपल्याच माणसांचा हेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सहसा नाव न सांगता विचारले जातात, किंवा "माझी एक मैत्रीण आहे, तिला असं होतं" अशी सुरुवात करून. हेवा वाटूच नये यासाठीची युक्ती खाली सापडणार नाही, कारण अशी युक्ती नसते. वाटल्यावर काय करायचं, आणि मुळात जे वाटतंय तो हेवाच आहे का, एवढंच इथे आहे.

जवळच्या मैत्रिणीचं चांगलं झालं की आधी पोटात खड्डा पडतो, आनंद नंतर होतो. मी इतकी कोत्या मनाची आहे का?

नाही. नंतर का होईना आनंद होतो, म्हणजे मन जागेवर आहे. पहिली कळ कुणाच्याच हातात नसते. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर ही षड्रिपूंची यादी लहानपणापासून कानावर पडलेली असते, त्यामुळे ही भावना नुसती डोकावली तरी पाप घडल्यासारखं वाटतं. राग आला तर आपण सरळ सांगतो की राग आला. हेवा वाटला हे नवरा बायकोलाही सांगत नाही. मग तो वेष बदलून बाहेर पडतो: "हल्ली तिचा स्वभावच बदललाय", "एवढा दिखावा कशाला?", "कर्जच काढलं असणार."

जपानमधल्या संशोधकांनी २००९ साली मेंदूच्या स्कॅनवर हे तपासलं होतं. हेवा वाटताना मेंदूतला जो भाग सक्रिय झाला, त्याचा संबंध वेदनेशीही जोडला जातो. ज्याचा हेवा वाटत होता त्याच्यावर संकट आल्याचं वाचल्यावर मात्र बक्षीस मिळाल्यावर जो भाग चेततो तो चेतला. तेव्हा शेजारणीचा ओव्हन बिघडल्याचं ऐकून तुम्हाला क्षणभर बरं वाटलं असेल तर तुम्ही राक्षस नाही. बरं वाटल्यावर तिला दुरुस्तीवाल्याचा नंबर दिलात की नाही, ते महत्त्वाचं.

मोठमोठ्या उद्योगपतींच्या बंगल्यांचं मला काही वाटत नाही, पण चुलत भावाने गाडी घेतली तर रात्रभर झोप लागत नाही. असं उलटं का?

उलटं नाही, हेच सरळ आहे. आपण स्वतःला मोजतो ते आपल्यासारख्यांच्या शेजारी उभं राहून. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला, त्याचं सार हेच. चुलत भाऊ त्याच वाड्यात वाढला, त्याच शाळेत गेला, आजीने दोघांना एकाच ताटात भरवलं. त्याचं पुढे जाणं म्हणजे "मलाही जमायला हवं होतं" याचा दारात उभा असलेला पुरावा.

पुढे एब्राहम टेसर या संशोधकाने यात एक बारकावा घातला. माणूस जवळचा असेल आणि त्याचं यश नेमकं आपल्या जिव्हाळ्याच्या क्षेत्रात असेल, तेव्हा सगळ्यात जास्त झोंबतं. क्षेत्र वेगळं असेल तर तेच यश आपण मिरवतो. तुम्ही बँकेत आहात आणि मावसभाऊ तबला वाजवतो, तर सवाई गंधर्वला त्याचा कार्यक्रम असताना तुम्ही पुढे बसून "आमचा भाऊ" म्हणून सांगाल. दोघेही एकाच गुरूंकडे तबला शिकला असाल तर त्या रात्री तुमचं डोकं दुखायला लागेल.

गाडीचं म्हणाल तर नेदरलँड्सचं उदाहरण बघा. तिथे एक लॉटरी चक्क पिनकोडवर निघते. ज्या पिनकोडला बक्षीस लागतं तिथल्या तिकीटधारकांना पैसे मिळतात आणि त्यांतल्या एकाला बीएमडब्ल्यू. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की विजेत्यांच्या लगतच्या ज्या घरांनी तिकीट काढलंच नव्हतं, त्यांनीही पुढे नव्या गाड्या घेण्याचं प्रमाण वाढलं. हप्ते भरताना त्यांना कारण विचारलं असतं तर "जुनी गाडी कुरकुरत होती" असंच उत्तर मिळालं असतं, असा माझा अंदाज.

हेव्यातून कधी काही चांगलं निघतं का?

निघतं. डच संशोधकांनी २००९ साली हेव्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले: एक माणसाला स्वतः वर चढायला लावतो, दुसरा समोरच्याला खाली ओढायला. समोरच्याने ते मेहनतीने मिळवलंय आणि मलाही ते जमू शकतं, असं वाटलं की पहिला प्रकार जागा होतो. त्याला ते फुकटात मिळालं असं वाटलं की दुसरा. आपला कोणता ते ओळखायला मनातलं वाक्य ऐकावं. "मलाही हवं" असेल तर कामाला लागा. "तिचं जावं" असेल तर निदान तिच्याबद्दल त्या दिवशी कुणाशी बोलू नका.

मी आणि माझा रूममेट पुण्यात चार वर्षं एमपीएससी करत होतो. त्याची पोस्ट निघाली, माझं दोन मार्कांनी हुकलं. आता त्याचा फोनही उचलवत नाही. काय करू?

हा प्रश्न सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड या पट्ट्यातून सतत येतो. नोट्स एक, मेस एक, अभ्यासिकेत खुर्चीला खुर्ची, आणि एका संध्याकाळी मोबाईलवर यादीची पीडीएफ उघडते. दोघे आपापला बैठक क्रमांक शोधतात. एकाचा सापडतो. दुसरा पीडीएफ पुन्हा वरून खाली नेतो, कारण नेट स्लो असेल, नंबर चुकीचा टाकला असेल. मग तो उठून मित्राला मिठी मारतो आणि "चल, चहा पाजतो" असं तोच म्हणतो. पुढच्या आठवड्यात गावात फ्लेक्स लागतो, क्लासवाले सत्कार करतात, आणि ज्याचं हुकलं त्याच्या घरी फोन येतो: "अरे, तुमचे दोघांचे मार्क साधारण सारखेच असायचे ना?"

दोन मार्कांनी हुकणं वीस मार्कांनी हुकण्यापेक्षा जास्त छळतं, हेही तपासलेलं आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकच्या चित्रफिती बघून अमेरिकी संशोधकांनी १९९५ साली निष्कर्ष मांडला की कांस्यपदक मिळालेले खेळाडू रौप्यपदकवाल्यांपेक्षा जास्त आनंदी दिसत होते. दुसऱ्याच्या डोक्यात पहिला नंबर असतो, तिसऱ्याच्या डोक्यात चौथा.

आता करायचं काय? पहिलं, त्याला एक मेसेज टाका आणि खरं लिहा: "तुझा खूप अभिमान वाटतो. मला सावरायला थोडे दिवस लागतील, मग भेटू." यात खोटं काही नाही, आणि फोन न उचलण्याचा अर्थ त्याला स्वतःच्या मनाने लावावा लागत नाही. तोही तिकडे अवघडलेलाच असतो. आनंद कुणासमोर व्यक्त करायचा? ज्याच्यासमोर करायची सवय, त्याच्यासमोर आता करता येत नाही.

दुसरं, निकालानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पुढचा ॲटेम्प्ट द्यायचा की नाही हे ठरवू नका. त्या दिवसांत घेतलेला "आता दाखवतोच" हा निर्णय अभ्यासाचा नसतो, मित्राला दाखवायचा असतो. वय, घरची परिस्थिती, मार्कांचा कल बघून थंड डोक्याने ठरवा. थांबायचं ठरलं तर ते हरणं नव्हे. हे मी उगाच गोड बोलत नाही: या परीक्षांना बसणारे लाखांत असतात आणि जागा शेकड्यांत, कधी हजारांत. न निवडले गेलेल्यांत तुमच्या मित्राइतकीच मेहनत केलेले पुष्कळ असतात, आणि हे तुमच्या मित्राला पक्कं माहीत असतं.

तिसरं, तो मदत देऊ करत असेल तर घ्या. त्याच्या मुख्य परीक्षेच्या नोट्स नाकारून कुणाचाच मान राहत नाही.

सत्काराला जायला हवं का? नाही. घरी जाऊन त्याच्या आईच्या हातचा चहा घेऊन या, ते जास्त लक्षात राहतं.

धाकटी जाऊ पुण्यात नोकरी करते. गौरी-गणपतीला दोन दिवस येते आणि सासूबाई तिचंच कौतुक करतात. वर्षभर सगळं मी करते. काही बोलले की म्हणतात, "तू जळतेस तिच्यावर."

या पानावरचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं उत्तर हे आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

आधी एक परीक्षा घ्या. उद्या तिची नोकरी गेली तर तुम्हाला बरं वाटेल का? वाटणार असेल तर तो हेवा. "तिची नोकरी राहू दे, पण सासऱ्यांना तपासणीला न्यायची वेळ तिच्यावरही यावी" असं वाटत असेल तर तो हेवा नाही, तो थकलेला हिशोब आहे. घरातल्या ज्या भांडणांवर "जळतेस" असा शिक्का बसतो, त्यातली निम्मी तरी या दुसऱ्या प्रकारची असतात. शिक्का मारणाऱ्याला तो सोयीचा असतो, कारण हेवा म्हटलं की दोष तुमच्या मनाचा ठरतो आणि हिशोब म्हटलं की तो सगळ्यांना मांडायला बसावं लागतं. "मन मोठं कर" हा सल्लाही बहुतेक वेळा ज्याच्याकडे काम आहे त्यालाच मिळतो.

तुम्ही तव्यापाशी उभ्या आहात, धाकटी पानावर बसली आहे, आणि सासूबाई म्हणतात, "तिला गरम पोळी वाढ गं, प्रवासाने दमलीय." पोळी वाढायला तुमची ना नसते. तुम्ही पहाटेपासून उभ्या आहात हे त्या वाक्यात कुठेच नसतं, ते लागतं. सासूबाईंच्या बाजूनेही बघा: रोज दिसणाऱ्या माणसाचं कौतुक करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि दोन दिवसांसाठी आलेल्या सुनेला दुखवायची त्यांना धास्ती असते. तुमची धास्ती वाटत नाही, कारण तुम्ही कुठे जाणार नाही हे त्यांनी गृहीत धरलंय.

बोलायचं ते सणाच्या स्वयंपाकघरात नाही, आणि जावेशी तर पहिल्यांदा नाहीच. आधी नवऱ्याशी, मग त्या दोघा भावांनी आपापसात. आईवडील त्यांचे आहेत. बोलताना "मला कुणी विचारत नाही" असं मोघम बोलू नका, लगेच "रडगाणं" ठरतं. नेमकं मागा: दवाखान्याच्या फेऱ्या कोण करणार, औषधांचा खर्च कसा वाटायचा, मदतीला बाई ठेवायची तर पगार कोण देणार, वर्षातून महिना-दीड महिना आईबाबा पुण्याला जाणार का. कागदावर लिहिलेल्या चार ओळींना "जळतेस" असं उत्तर देता येत नाही.

आणि धाकटीकडेही एक यादी असते, ती तुम्ही ऐकलेली नसते. तिला तुमचं घर दिसतं: मोठं अंगण, मुलांना आजी-आजोबा, स्वयंपाकघरात तुमचा शब्द. ती पाळणाघराची फी आणि फ्लॅटचा हप्ता भरते, आणि सणाला आली की भांडी कुठे ठेवलीत तेही तिला विचारावं लागतं. पाहुणी म्हणून मिळणारं कौतुक तिला हवं असतंच असं नाही. अमेरिकेतला भाऊ आणि नाशिकला आईबाबांजवळ राहिलेला भाऊ यांच्यातही हेच चालतं. याला त्याचे डॉलर दिसतात. त्याला वडिलांच्या शेवटच्या आजारपणात हा त्यांच्या उशाशी होता ते दिसतं.

बहिणीने वडिलोपार्जित घरात हिस्सा मागितला. सगळे म्हणतात, भावाची भरभराट तिला बघवत नाही.

भरभराट बघवते की नाही हा तिच्या मनाचा प्रश्न. हिस्सा हा कायद्याचा प्रश्न आहे, आणि दोन्हींची गल्लत करू नये. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनुसार ९ सप्टेंबर २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवे होते असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. महाराष्ट्राने असा हक्क १९९४ सालीच दिला होता, पण तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदणीने किंवा न्यायालयाच्या हुकमाने झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मालमत्तेचं मृत्युपत्र ते हवं तसं करू शकतात.

तेव्हा बहीण मागतेय ते तिचंच आहे. तिला सोडायचं असेल तर ती हक्कसोडपत्र करून देईल, पण तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, डोळे सुजलेले असताना, पुढे कागद सरकवून सही घेऊ नये. साडीचोळीवर बोळवण करायची आणि वर तिलाच मत्सरी म्हणायचं, हे मला तरी पटत नाही. भावाने कर्ज काढून घर वाढवलं असेल, आईवडिलांचं केलं असेल, तर तेही मांडावं. बऱ्याच बहिणी ते मान्य करतात. गावातल्या वकिलापेक्षा दोन्ही घरांशी संबंध नसलेला वकील बरा.

घर घेतल्यापासून एकामागून एक अडचणी येतायत. कुणाची नजर लागली असेल का? दृष्ट काढावी का?

मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या ओवाळून जाळल्याने आजीला बरं वाटत असेल तर काढू द्या. बाळाच्या गालाला काजळाची तीट लावल्याने कुणाचं बिघडत नाही. ठसका लागला नाही म्हणजे नजर जबर होती, असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. नवीन घरात अडचणी येतातच: प्लंबिंग गळतं, हप्ता सुरू होतो, मुलांची शाळा लांब पडते.

गंमत संपते ती "कुणाची?" हा प्रश्न सुरू झाल्यावर. मग एखादी निपुत्रिक काकू, विधवा शेजारीण, भांडलेली जाऊ यांच्याकडे बोटं जातात. त्यापुढची पायरी करणी, भानामती आणि देवऋषी. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावरांचं दूध आटवते असं भासवून तिचं जगणं अवघड करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे; शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. कुणा बाबाने तुमच्या जावेचं नाव घेतलं, तर तुमच्या घराला धोका त्या बाबाचा आहे.

लोक माझ्यावर जळतात हे कसं ओळखावं?

आधी ते खरं आहे का ते बघावं. "सगळे माझ्यावर जळतात" असं मानणं फार सुखाचं असतं. त्यात आपण श्रेष्ठ ठरतो आणि कुणाची टीका ऐकावी लागत नाही. वास्तुशांतीला आलेला काका म्हणतो, "हॉल मोठाय, पण पश्चिमेचं ऊन येत असणार." हा काका स्वतःच्या घरातही तेच बोलतो. तो जळत नाही, त्याला दुसरं बोलताच येत नाही.

खरी खूण बोलण्यापेक्षा वागण्यात दिसते. तुमच्या अडचणीत धावून येणारा माणूस तुमच्या यशात गायब होत असेल, किंवा तुमची चांगली बातमी ऐकताच विषय बदलत असेल, आणि हे वारंवार घडत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. तरी त्याला तोंडावर विचारू नका. कुणीही "हो" म्हणणार नाही.

मग चांगली बातमी लपवूनच ठेवावी का?

पक्कं होईपर्यंत बोलू नये ही जुन्या लोकांची रीत वाईट नाही, पण कायमची लपवाछपवी नात्याला मारते. बातमी उशिरा आणि तिसऱ्याकडून कळली की हेव्यापेक्षा अपमान मोठा होतो. कुणाला, कशी, कोणत्या क्रमाने सांगायची, एवढं बघा.

उदाहरण द्यायचं तर गरोदरपणाचं. तुम्हाला दिवस गेलेत आणि जवळची मैत्रीण काही वर्षं आयव्हीएफच्या चकरा मारतेय. तिला ही बातमी ग्रुपवर किंवा स्टेटसवर कळू देऊ नका. समोरासमोरही नको, कारण समोर तिला लगेच हसावं लागतं. एकटीने वाचता येईल असा मेसेज पाठवा, सगळ्यांच्या आधी: "तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहितेय. उत्तर द्यायची घाई नाही." "तुझंही लवकरच होईल" हे त्यात लिहू नका, ते तुमच्या हातात नाही. डोहाळजेवणाला बोलवा, पण नाही आली तर कारण विचारू नका. न बोलावणं हा सगळ्यात मोठा घाव. "तिला वाईट वाटेल म्हणून बोलावलं नाही" आणि "अपशकुन नको म्हणून बोलावलं नाही" यातला फरक तिला बाहेरून कळत नाही.

व्हॉट्सॲपचे स्टेटस, इन्स्टावरच्या सहली बघून जीव जळतो. बंद करू का?

म्यूट करा, ब्लॉक नको. ब्लॉक केलेलं कळतं आणि लग्नात भेटल्यावर उत्तर द्यावं लागतं. २०१५ सालच्या एका संशोधनात दिसलं की फेसबुकवर स्वतः काही न लिहिता नुसतं बघत राहणाऱ्यांचं मन खालावतं, आणि त्यात हेव्याचा वाटा असतो. तेव्हा बघायचंच असेल तर दोन शब्द लिहा, नाहीतर ॲप बंद करा. झोपायच्या आधी तर अजिबात नको.

मनापासून आनंद होत नसताना अभिनंदन करणं हे ढोंग नाही का?

नाही. ते वळण आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत सुखी माणसाबद्दल मैत्रीची भावना ठेवायला सांगितलंय आणि ती सरावाची गोष्ट म्हणून सांगितलीय, आपोआप येणारी म्हणून नाही. शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनात असं दिसलं की आपली चांगली बातमी जोडीदार किती रस घेऊन ऐकतो, यावर नात्याची तब्येत बरीच अवलंबून असते. व्यवहारात ते सोपं आहे: "वा, छान" म्हणून थांबू नका, एक प्रश्न विचारा. "मुलाखतीत काय विचारलं?" "किल्ली हातात आली तेव्हा आई काय म्हणाली?" प्रश्न विचारला की लक्ष स्वतःवरून समोरच्याकडे जातं, आणि आनंद कधीकधी तिथेच सापडतो. नाही सापडला तरी समोरच्याचा दिवस खराब होत नाही.

दहावीच्या निकालानंतर घरात पुतण्याशी तुलना सुरू आहे. मुलगा खोलीबाहेर येत नाही.

निकाल दुपारी एकला लागतो आणि दीडपर्यंत नातेवाइकांचे फोन सुरू होतात. फोन तुम्ही घ्या, मुलाच्या हातात देऊ नका. "किती पडले?" याला आकडा सांगून थांबा, "बेस्ट ऑफ फाइव्ह धरून की नुसते?" असा उपप्रश्न येईल, त्यावर "पेढे आणतो, मग बोलू."

आजोबांना मात्र खाजगीत स्पष्ट सांगा. "त्याला चढ लागावी म्हणून बोलतो" असं ते म्हणतील. चढ लागत नाही; दोन भावंडं एकमेकांपासून तुटतात, आणि ज्याचं कौतुक होतं तोही अवघडतो. पुतण्याला पेन दिलंत तर स्वतःच्या मुलासमोर द्या, लपवून नको. त्यालाही काही द्या, पण "सांत्वन" म्हणून नको.

बायकोचा पगार माझ्यापेक्षा जास्त झाला. मला बोचतं, पण कबूल करवत नाही.

पुरुषांकडून हा प्रश्न अगदी हळू आवाजात येतो. बायकोचा हेवा वाटतोय की "लोक काय म्हणतील" हे खुपतंय, ते आधी ठरवा. दुसरं असेल तर पगार लोकांना सांगायचं कारणच काय? आणि बोच स्वयंपाकाला नावं ठेवून किंवा तिच्या बॉसबद्दल बोलून काढू नका, तिला खरं कारण तुमच्याआधी कळलेलं असतं.

समारंभात कुणी कुजकं बोललं तर काय उत्तर द्यावं?

"एवढं मोठं घर, आता झाडायला माणसं ठेवावी लागतील!" यावर: "हो ना, तुम्ही या एकदा राहायला." "नशीबवान आहेस बाई!" यावर: "खरंय." बस्स. मेहनतीचा पाढा वाचायला बसलात तर तुम्ही आरोपी झालात.

"मला तुझा हेवा वाटतो" असं सांगून टाकावं का?

जिथे नातं घट्ट आहे तिथे जरूर. "ऐकून फार बरं वाटलं, आणि खरं सांगू, थोडा हेवाही वाटला" असं हसत म्हटलं की दोघांचाही जीव हलका होतो. पण समोरच्याने आपली समजूत घालावी म्हणून सांगू नका. तिच्या बढतीच्या दिवशी तिनेच तुमचे डोळे पुसायचे, हे काही बरोबर नाही.

मैत्री तोडायची वेळ कधी येते?

हेवा वाटतो म्हणून कधीच नाही. हेव्यापोटी काही केलं तर. लग्नाचं स्थळ मोडावं म्हणून कुजबुज केली, ऑफिसात कान भरले, विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर फोडली, तर अंतर ठेवा. भांडण करून जाहीरनामा काढायची गरज नाही, माहिती देणं बंद करा.

हे विचार दिवसभर पाठ सोडत नाहीत. कुणाशी बोलावं?

झोप, भूक, काम यांवर परिणाम होत असेल, जगण्यात रस वाटत नसेल, तर हा नुसता हेव्याचा प्रश्न राहिलेला नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास सुरू असते आणि मराठीत बोलता येतं. समुपदेशकाकडे गेल्यावर "मला बहिणीचा हेवा वाटतो" असं पहिल्याच वाक्यात सांगा. त्यांना यात नवल वाटत नाही.

ज्याचा हेवा वाटतो त्याच्या वास्तुशांतीला जावंच लागेल का?

जा. जेवणाच्या वेळी पोचा, म्हणजे गर्दीत घर दाखवायची फेरी लवकर उरकते. वेगळा आहेर शोधत बसू नका, पाकीट द्या. एखादी गोष्ट खरंच आवडली असेल तर तेवढीच सांगा. सगळ्या खोल्यांची स्तुती केली की खोटं वाटतं. किंमत विचारू नका आणि स्वतःच्या घराशी तुलना तिथे उभं राहून तर नाहीच. वाढायला माणसं कमी पडत असतील तर पदर खोचा किंवा बाह्या सरसावा, हात कामात असला की चेहरा सांभाळावा लागत नाही. तासाभराने निघा. जिलेबीचा डबा बांधून देतील, तो घ्या.